‘कुठलीही रायफल द्या’

टेक्सासातल्या प्लेनो गावच्या आमच्या मराठी मंडळात नव्या माणसाशी ओळख करून देताना नेहमी एक गंमत व्हायची. "ही अंजली, बँकेत आहे. ही स्वाती, डेटाबेसमध्ये. आणि ही शैला, ही बंदुका विकते." समोरची बाई हसायची. मग बाकी कुणीच हसत नाहीये हे लक्षात आलं की तिच्या हातातली कोथिंबीरवडी हातातच राहायची.

मी खरंच बंदुका विकायचे. दोन हजार एक ते दोन हजार आठ, डॅलसच्या उत्तरेला हायवेलगतच्या एका दुकानात. तंबू, बूट, मासेमारीचे गळ असं सगळं तिथं मिळायचं आणि अगदी मागे, पेंढा भरलेल्या हरणाच्या मुंडक्याखाली, माझा रायफलींचा काउंटर होता. अमरावतीला कॉलेजात असताना एनसीसीत मी नेमबाजी केली होती, दोन ढाली मिळवल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर मी अर्ज केला. माझा नवरा विलास म्हणाला, "लायब्ररीत बघ ना काहीतरी." पण लायब्ररीत जागा नव्हती. दुकानाचा मालक रॉय, सत्तरीला आलेला, सैन्यातून निवृत्त झालेला टेक्सन. मुलाखतीत त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. एक रायफल माझ्या हातात दिली. मी आधी नळी भिंतीकडे वळवली, बोल्टचा दांडा मागे ओढला आणि आत करंगळी घालून ती रिकामी आहे ना बघितलं. "सोमवारी ये," तो म्हणाला.

मी लागले उन्हाळ्यात. सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर पडले आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात रांगा लागल्या. काडतुसांची कपाटं रिकामी व्हायला लागली. सगळ्यांच्या डोळ्यांत भीती, आणि त्या भीतीला चेहरा हवा होता. काउंटरमागे माझा सावळा चेहरा होता. एक माणूस गळांच्या स्टँडजवळ उभा राहून कितीतरी वेळ नुसता माझ्याकडे बघत राहिला होता. काही घेतलं नाही, काही बोलला नाही. माझ्या पाठीशी भिंतभर रायफली होत्या आणि त्यातली एकही भरलेली नव्हती. त्यानंतर महिनाभर विलास मला घ्यायला यायचा तेव्हा दुकानाच्या अगदी दारात गाडी लावायचा.

त्याच सुमाराला मोटेल चालवणारे एक गुजराती काका आले. हिंदीत म्हणाले, "बेटी, कोई छोटी-सी बंदूक दे दे, काउंटर के नीचे रखने के लिए." त्यांना मी लहान रायफल दाखवली आणि ती त्यांच्या कामाची का नाही तेही सांगितलं. शिकारीची रायफल म्हणजे बोल्ट मागे-पुढे करून एकेक गोळी नळीत सरकवायची, सावकाश श्वास सोडत नेम धरायचा. ती शांत माणसाची वस्तू आहे. घाबरलेल्या माणसाला ती काही उपयोगाची नाही. काका म्हणाले, "तो डरे हुए आदमी के लिए क्या है?" मी त्यांना दुकानाच्या पुढच्या भागात घेऊन गेले. शेवटी ते दाराला जाडजूड कडी आणि एक मोठा दिवा घेऊन गेले.

आता थोडं धंद्याचं सांगते, कारण पुढचं समजायला ते लागेल. त्या वर्षांत माझ्याकडे सर्वांत जास्त खपायची ती आखूड बोल्ट-ॲक्शन रायफल. कॉम्पॅक्ट म्हणायचे तिला. नेहमीच्या रायफलीपेक्षा नळी दोनेक इंच आखूड, खांद्याला टेकायचा दस्ता इंचभर आखूड, वजनाला हलकी. आमच्याकडच्या काटेरी मेस्किटच्या झुडपांतून वाकून चालताना किंवा मचाणावर चढताना लांब नळी फांद्यांत अडकते, म्हणून ही. बायकांना, ठेंगण्या माणसांना, म्हाताऱ्यांना ती बरी पडते. पण हलकेपणाची किंमत असते. रायफल जितकी हलकी तितका तिचा खांद्याला बसणारा धक्का मोठा, आणि नळी जितकी आखूड तितका आवाज कानठळ्या बसवणारा. शिवाय बारीक नळी पाच-सात गोळ्यांत तापते, आणि तापली की नेम भरकटतो. म्हणून कागदावर नेमबाजी करायची असेल तर जाड, जड नळी हवी. गिऱ्हाइकांना मात्र एकाच रायफलीत दोन्ही हवं असायचं. मी म्हणायचे, लग्नात मिरवायला आणि धुणं धुवायला एकच साडी मागताय तुम्ही.

माझ्याकडे अशा दोन असायच्या. एक काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, हलकी, पावसात भिजली तरी न फुगणारी. दुसरी अक्रोडाच्या लाकडाची, थोडी जड, पण खांद्याला सौम्य. मी त्यांना मनात काळी आणि लाकडी म्हणायचे. एकदा साडेसहा फुटी एक गृहस्थ आपल्या चिमुकल्या बायकोसाठी रायफल घ्यायला आले. ती मागे उभी. हे स्वतःच एकेक रायफल खांद्याला लावून "हिला हीच बरी" म्हणत होते. मी म्हटलं, "सर, साडीचं माप मी कधी नवऱ्याच्या कंबरेवर घेत नाही." त्यांना साडी कळली नाही, पण बायकोला सूर कळला. मी तिला कोपरात हात वाकवायला लावला, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत ठेवलं आणि बोट ट्रिगरपर्यंत आरामात पोचतं का बघितलं. काळीत पोचलं. लाकडीत जरा ताणावं लागलं. तरी तिनं लाकडी घेतली. "ही मला आवडली," एवढंच म्हणाली. त्या वर्षी हरीण तिनं मारलं, त्यांनी नाही. फोटो घेऊन दोघंही दाखवायला आले होते.

नवशिकं गिऱ्हाईक हातात रायफल आली की दोन गोष्टी हटकून करतं. ती खांद्याला लावतं, आणि एक डोळा मिटून भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरतं. मग प्रश्न सुरू होतात. धक्का किती, दुर्बीण कुठली, हरणाला पुरेल का, रानडुकराला पुरेल का. आणि आपला मराठी माणूस असेल तर याआधी एक प्रश्न येतो: नाही आवडली तर परत घेता का?

दोन हजार दोनचा ऑक्टोबर. हरणांचा हंगाम तोंडावर आला होता, पण आठवड्याच्या मधला दिवस, त्यामुळे दुकान रिकामं. रॉय मागच्या आवारात मालाचा ट्रक उतरवून घेत होता. एक चाळिशीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मी त्याला लगेच ओळखलं. गणपतीच्या कार्यक्रमांत माईक आणि स्पीकर सांभाळायचा तो, सुहास देशमुख. मला त्यानं ओळखलं नाही. त्या दिवशी त्यानं आईला तरी ओळखलं असतं की नाही, कोण जाणे.

इंग्लिशमध्ये म्हणाला, "एक लहान रायफल हवी आहे. शिकारीसाठी."

"मराठीत बोला की," मी म्हटलं. "मी शैला. मंडळात भेटलोय आपण."

तो दचकला. पाय मागे गेला. वाटलं, आता वळून जाणार. पण तो थांबला. "हो का? बरं. लहान रायफल हवीये."

"कसली शिकार करणार?"

"हरीण." मग जरा थांबून, "किंवा टार्गेट. टार्गेट शूटिंग."

मी काळी आणि लाकडी दोन्ही काउंटरवर काढून ठेवल्या. त्यानं काळीला दोन्ही हात लावले, उचलली, आणि तशीच खाली ठेवली. खांद्याला लावली नाही. वर हरणाकडे बघितलंसुद्धा नाही.

"आज मिळेल ना लगेच?"

"फॉर्म भरायचा, फोनवरून सरकारी तपासणी होते. सगळं ठीक असलं तर मिळते."

"बरं. काडतुसांची अख्खी पेटीच घ्यावी लागते का?"

पेटीत वीस काडतुसं असतात, आणि शिकारीला निघालेला माणूस त्याहून कमी कधी मागत नाही. हे असं सांगायला नंतर सोपं वाटतं, पण त्या क्षणी माझ्या मनात शब्द नव्हते, नुसती थंडी होती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. घाम नव्हता, थरथर नव्हती. कुणाच्या तरी घरून निघायची वेळ झालेल्या पाहुण्यासारखा सभ्य, थोडा घाईतला चेहरा. आणि तो किंमत विचारत नव्हता. परत घेता का, ते विचारत नव्हता. मराठी माणूस एवढी मोठी वस्तू घेतोय आणि रिटर्न पॉलिसी विचारत नाही!

रॉयनं मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "शेला," तो मला शेला म्हणायचा, "विक्री नाकारायला कारण लागत नाही. मनाला पटलं नाही, तर नाही म्हण. मागून मी बघून घेईन." पण नाही म्हटलं की माणूस दुकानाबाहेर जातो. बाहेर गेला की त्या रस्त्यावर अशी आणखी चार-पाच दुकानं होती. आणि माझं चुकलं असेल तर? तो नुसता लाजरा असेल, ऑफिसातल्या कुणी हंगामाला बोलावलं असेल, अन् मी त्याच्याबद्दल भलतंच बोलले, तर मंडळात त्या माणसाचं काय होईल? शनिवारच्या पॉटलक जेवणापर्यंत ते चारशे घरांत पोचलं असतं.

म्हणून मी बोलत राहिले. दुसरं काही सुचेना. नळीची लांबी सांगितली. धक्का सांगितला. लाकडीचा दस्ता कसा खांद्याला सौम्य, काळीचा पावसात कसा टिकतो. दोन्हींच्या गोळ्यांतला फरक सांगितला, एक हलकी आणि वेगवान, दुसरी जड आणि दमदार. हरणाला दोन्ही पुरतात, पण डुकराला जडच हवी. त्याला म्हटलं, कोपर वाकवा, माप घेऊ. त्यानं वाकवला, शिंप्यापुढे उभं राहावं तसा. दस्त्याचं टोक मी त्याच्या कोपरात ठेवलं. मागे ट्रक उतरवण्याचा आवाज येत होता आणि मला एवढंच हवं होतं की तो आवाज थांबावा आणि रॉय आत यावा. आवाज थांबत नव्हता.

"ताई," तो एकदम म्हणाला, "कुठलीही द्या."

सात वर्षांत मला असं कुणी म्हटलं नाही, ना आधी, ना नंतर. माणूस चप्पलसुद्धा 'कुठलीही द्या' म्हणत नाही.

मी दोन्ही रायफलींचे बोल्ट काढून घेतले आणि खिशात टाकले. बोल्ट नसला की रायफल म्हणजे काठी. मग काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारलं, "सुहास, तुम्ही जिवाचं बरंवाईट करायला निघालायत का?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तांबडा झाला. "काय बोलताय तुम्ही? डोकं ठिकाणावर आहे का? मी गिऱ्हाईक आहे इथे."

"मग मला खोटं ठरवा. घरी फोन लावा इथून. तुमच्या मिसेसशी बोलू दे मला."

"तुम्ही कोण मला सांगणार? मॅनेजरला बोलवा. आय विल कम्प्लेन."

"करा कम्प्लेंट. मी तुम्हाला आज रायफल देणार नाही."

तो वळला आणि भराभर चालत गेला. मी काउंटरच्या फळीखालून बाहेर आले तोवर त्याची गाडी हायवेच्या फाट्याला लागली होती. उत्तरेकडे. उत्तरेकडे दुकानं होती. घर दक्षिणेकडे.

मी मागच्या आवारात धावले. काय बोलले, कसं बोलले आठवत नाही. मराठी-इंग्लिशचा काला केला असणार. रॉयनं ट्रकवाल्याला तिथंच सोडलं आणि ऑफिसात येऊन फोन उचलला. "पोलिसांना कळवू," तो म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "रॉय, प्लीज. बंदुकीच्या दुकानात सावळा माणूस, हातात रायफल, आणि पोलिस. त्यांना आधी काय दिसेल?"

रॉयनं उचललेला फोन खाली ठेवला. त्याला हे कुणी कधी सांगितलं नसावं. "वीस मिनिटं," तो म्हणाला. "तेवढ्यात सापडला नाही तर मी फोन करणार."

त्यानं दुकानांना फोन लावायला सुरुवात केली. मी माझ्या मोबाइलवरून कुंदाकाकूंना लावला. कुंदाकाकू पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या, त्यांच्याकडे अख्ख्या प्लेनोचे नंबर. "काकू, त्या सुहास देशमुखांच्या मिसेसचा नंबर आहे का?" "मृणालचा? आहे की. का गं? काय झालं?" "काही नाही, दिवाळीच्या प्रोग्रॅमचं विचारायचंय." "बघ, तिला सांग चकल्यांची ऑर्डर लवकर दे म्हणावं." काकू बोलत होत्या आणि मी डोळे घट्ट मिटून हं हं म्हणत होते. शेजारी रॉय तिसऱ्या दुकानाशी बोलून मान हलवत होता. तिथंही गेला नव्हता.

मृणाल एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. मी कोण ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं. सगळं ऐकून ती शांतपणे म्हणाली, "नाही हो, तुमची काहीतरी चूक होतेय. सुहास ऑफिसात आहे. सकाळीच गेला. त्याची मीटिंग आहे." "तुम्ही एकदा ऑफिसात विचारा," मी म्हटलं. दोन मिनिटांत तिचा उलटा फोन आला. आवाज ओळखू येईना. "डेंटिस्टकडे जातो सांगून गेलाय. तो डेंटिस्टला घाबरतो हो. गेली तीन वर्षं गेला नाहीये."

चौथं दुकान अर्ल नावाच्या एका म्हाताऱ्याचं होतं. रॉयचं आणि त्याचं बोलणं बंद होतं, शिकारी कुत्रीच्या पिल्लांवरून काहीतरी जुनं भांडण. रॉयनं क्षणभर फोनवर हात ठेवला, मग नंबर लावला. आपलं नाव सांगितलं, काय झालंय ते सांगितलं.  मग अर्लचा मोठा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला: "हो, तू म्हणतोस तो पार्ट आहे माझ्याकडे. आत्ता समोरच आहे. ये घेऊन जा. घाई कर, मी तोवर राखून ठेवतो."

रॉयनं फोन ठेवला. "तो तिथंच आहे. पार्ट म्हणजे तोच," म्हणाला.

ते दुकान आमच्यापासून वीसेक मिनिटांवर, मृणालपासूनही जवळपास तेवढंच. मी तिला पत्ता सांगितला आणि निघाले. रॉय म्हणाला, "तू जा. मी आलो तर त्याला वाटेल पकडायला आलेत." आयुष्यात मी खूप गाडी चालवलीय, पण तो रस्ता मला आठवतो तो फक्त समोरच्या गाड्यांच्या लाल दिव्यांसारखा. एकच विचार. अर्लचा धीर सुटला तर? दुसरं गिऱ्हाईक आलं तर? अर्लला त्याचं नाव, गाव, काहीच माहीत नव्हतं. समोरचा माणूस धोक्यात आहे एवढ्यावर त्यानं त्याला थोपवून धरायचं मान्य केलं होतं. मी देवाला काही बोलले नाही. अर्लशी बोलत होते मनात. बोलत राहा बाबा, बोलत राहा.

मृणाल पार्किंगमध्येच भेटली, लॅबचा पांढरा कोट अंगावर तसाच. आम्ही एकमेकींना पहिल्यांदा बघत होतो. तिनं माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली होती, ते मला नंतर दिसलं.

आत सुहास एका लाकडी खुर्चीत बसला होता. हातात कॉफीचा कागदी कप. समोर काउंटरवर दोन आखूड रायफली, दोन्हींचे बोल्ट काढलेले. आणि अर्ल, गुडघेदुखीमुळे काठीवर रेललेला, त्याला आपल्या मेलेल्या भावानं कुठल्याशा ओढ्याकाठी मारलेल्या हरणाची गोष्ट सांगत होता. अर्लचे उच्चार असे होते की मलाच त्यातलं निम्मं कळेना. सुहास मान हलवत होता. आपण कुणाचं तरी बोलणं अर्धवट सोडून उठलो तर ते असभ्य दिसेल, म्हणून तो बसून राहिला होता. पुण्याच्या कुठल्याशा मास्तरांच्या घरात वाढलेला तो सभ्यपणा.

मृणाल जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं मान वळवली.

"तू लॅब सोडून कशाला आलीस?" तो म्हणाला.

मग त्याच्या हातातला कप कलला आणि कॉफी पँटवर सांडली. त्याला ते कळलं नाही. अर्लनं भावाची गोष्ट तिथंच थांबवली आणि दुकानाच्या दारावरची पाटी उलटी करून 'बंद' केली.

काय झालं होतं ते मृणालनं मला पुढे सांगितलं. त्याची नोकरी गेली नव्हती. त्या वर्षी त्यांच्या टेलिकॉम कंपनीत माणसं काढायचं काम त्याच्याकडे आलं होतं. दर महिन्याला खोलीत एकेकाला बोलवायचं आणि सांगायचं. व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेली की बिऱ्हाड आवरून परत जावं लागायचं. शेवटी ज्याला बोलावलं तो त्यानं स्वतः पुण्याहून आणलेला मुलगा, बायको बाळंतीण. तो मुलगा भांडला नाही, रडला नाही. उठून हात मिळवला आणि म्हणाला, "थँक यू सर, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत." त्यानंतर सुहास झोपला नव्हता. घरी कुणालाच काही कळलं नाही, कारण तो रोज वेळेवर उठायचा, डबा घ्यायचा, जायचा.

तो हॉस्पिटलात राहिला, मग घरी. औषधं, डॉक्टर, रजा. मंडळात आम्ही सांगितलं की पाठीचं दुखणं आहे. मी कुंदाकाकूंनासुद्धा कधी कळू दिलं नाही, आणि कुंदाकाकूंपासून काही लपवणं म्हणजे काय ते प्लेनोकरांना विचारा! पुढच्या गणपतीत सुहास दिसला. माईकजवळ नव्हता, मागे उभा होता. मला बघितलं आणि बाहेर निघून गेला. मला वाईट वाटलं, पण समजलंही. मला बघितलं की त्याला तो काउंटर दिसणार. दीडेक वर्षानं ते न्यू जर्सीला, वेस्ट विंडसरला गेले. मृणाल दिवाळीला फोन करायची. त्यानं कधी केला नाही.

नावगाव न सांगता ही हकीकत सांगितली की लोक म्हणतात, वा, केवढी नजर तुझी. म्हणूनच मला दुसरंही सांगायला हवं.

दोन हजार सहाच्या वसंतात एक आजोबा आले. नातीला हंगामात सोबत न्यायची होती. किती हौशी! काळी बघितली, लाकडी बघितली, दोन्ही खांद्याला लावल्या, हरणावर नेम धरून तोंडानं 'ठो' केलं. नातीची उंची हातानं दाखवली. दुर्बिणीबद्दल माझ्याशी अर्धा तास वाद घातला. परत घेता का तेही विचारलं. आठ-दहा दिवसांनी मला त्यांच्या झाडाच्या अक्रोडासारख्या पिकान बियांची पिशवी आणून दिली. आणि उन्हाळ्यात एक दिवस शेरीफचा, म्हणजे इथल्या जिल्हा पोलिसांचा, माणूस दुकानात आला, टोपी हातात घेऊन. रायफलीचा नंबर त्यानं वाचून दाखवला. लाकडी. आजोबा गेले होते, स्वतःच्या हातानं. नात होती, पण ती दुसऱ्या राज्यात, आणि तिच्या आईनं कित्येक वर्षांत तिला आजोबांकडे पाठवलं नव्हतं.

"तुम्हाला ते कसे वाटले होते, मॅम?" त्यानं विचारलं.

"छान," मी म्हटलं. "आनंदी."

त्यानं लिहून घेतलं आणि गेला. समोर एक जोडपं रायफल बघायला उभं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. मला एकदम त्या भिंतीवरून गेलेल्या सगळ्या रायफली दिसायला लागल्या. पाच वर्षांच्या. त्यांतल्या किती? मी कुणाकुणाशी हसून बोलले होते? रॉयनं मला घरी पाठवलं.

घरी विलास स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकत होता. मी त्याला काही बोलले नाही. आतल्या खोलीत गेले आणि न्यू जर्सीचा नंबर लावला. का लावला, कुणाला काय विचारायचं होतं, काही ठरवलं नव्हतं. मृणाल उचलेल असं वाटलं होतं. सुहासनं उचलला.

"मी शैला. प्लेनोहून."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग, "बोला ताई."

"काही नाही. सहजच."

"सहज नाही," तो म्हणाला. "काय झालं?"

मी सांगितलं. आजोबा, नात, पिकानची पिशवी.  

"त्यांना मी विचारलंच नाही हो," मी म्हटलं. "तुम्हाला विचारलं तसं."

"विचारलं असतं तर ते खोटं बोलले असते. मी बोललोच की तुमच्याशी खोटं."

"पण तुम्ही थांबलात."

"मी कुठे थांबलो? मी दुसऱ्या दुकानात गेलो. तुम्ही सगळ्यांनी मला धरून ठेवलंत." तो थांबला. "दोन वर्षं मला तुमचा राग होता, ताई. तुम्ही माझ्याकडे बघितलंत म्हणून. आता नाहीये."

 फोन कानाला लावून मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. तो पलीकडे होता, श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "विलासराव आहेत का घरी? त्यांच्याकडे फोन द्या."

मी बाहेर जाऊन फोन विलासच्या हातात दिला. त्यानं हाताची हळद टॉवेलला पुसली आणि ऐकत राहिला. "हो," म्हणाला. "हो. नाही, मला काही बोलली नाही. बरं. बरं झालं सांगितलंत." फोन ठेवून त्यानं गॅस बंद केला आणि माझ्याजवळ येऊन खुर्ची ओढून बसला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, आज हिला एकटीला सोडू नका."